बारा महिन्यांची खुर्ची

दरवर्षीं जुलै महिना उजाडला कीं, जिल्ह्याजिल्ह्यांतील वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानांवर एका विशिष्ट प्रकारच्या बातम्यांचा पाऊस पडूं लागतो. अमुक गांवच्या रोटरी क्लबाचा पदग्रहण समारंभ थाटांत पार पडला. मावळत्या अध्यक्षांनीं नव्या अध्यक्षांच्या गळ्यांत पदाची कॉलर घातली. प्रांतपालांनीं समयोचित मार्गदर्शन केलें. नव्या कार्यकारिणीनें वर्षभरांत वृक्षारोपण, रक्तदान, नेत्रतपासणी इत्यादि उपक्रम हातीं घेण्याचा संकल्प जाहीर केला. शेजारीं छायाचित्र असतें. त्यांत पंधरा-वीस माणसें एका रांगेंत उभीं असतात, मध्यभागीं पुष्पगुच्छ असतो, आणि खालीं नांवांची एवढी लांबलचक यादी असते कीं, ती वाचण्याचे कष्ट, ज्यांचीं नांवें तींत आलीं आहेत त्यांच्यावांचून दुसरें कोणी सहसा घेत नाहीं. सुशिक्षित वाचक किंचित् हसतो आणि पान उलटतो.

हें हसूं अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. सेवा बोटभर आणि तिचें छायाचित्र हातभर, असे प्रकार घडतात. आणि ते घडतात हें क्लबांतील जाणत्या सभासदांनाहि पक्कें ठाऊक असतें. परंतु याच पुष्पगुच्छवाल्या मंडळींचा हात या देशांतून एक भयंकर रोग हटविण्याच्या कामाला लागला, आणि तो पाव शतक मागें घेतला गेला नाहीं, हीहि गोष्ट तितकीच खरी आहे. ज्यांना बारा महिन्यांनीं खुर्ची सोडावी लागते अशा माणसांच्या हातून पंचवीस वर्षें पुरणारें काम व्हावें, हें कोडें थोडें उलगडून पाहण्याजोगें आहे. त्यासाठीं या संस्थेच्या उगमापर्यंत क्षणभर मागें जावें लागेल.

पॉल हॅरिस या नांवाचा एक वकील अमेरिकेंतील शिकागो शहरांत वकिली करीत असे. त्याचें लहानपण व्हर्मांट प्रांतांतील एका खेड्यांत आजीआजोबांच्या घरीं गेलें होतें. खेड्यांत वाणी, लोहार, वैद्य, शिंपी सारे एकमेकांना नांवानें ओळखत. शहरांत मात्र शेकडों अशिलांच्या गर्दींतहि रविवारची दुपार एकट्यानें काढावी लागे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यानें तीन परिचितांना एकत्र आणलें. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपीकाम करविणारा दुकानदार. आज एकाच्या कचेरींत, पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या, अशी बैठकीची जागा पाळीपाळीनें फिरावयाची ठरली. त्या फिरण्यावरूनच "रोटरी" हें नांव पडलें. एका धंद्याचा एकच सभासद घ्यावयाचा, हाहि नियम तेव्हांचाच. आरंभीं या मंडळींचा हेतु फारसा उदात्त नव्हता हें सांगावयास हरकत नाहीं. स्नेह वाढावा, आणि स्नेहाच्या जोडीला गिऱ्हाईकहि वाढावें, इतकाच तो होता. १९०६ मध्यें डोनाल्ड कार्टर नांवाच्या दुसऱ्या एका वकिलाला सभासद होण्याचा आग्रह झाला, तेव्हां त्यानें स्पष्टच बजाविलें कीं, जो क्लब स्वतःच्या सभासदांपलीकडे कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं, तो फार दिवस टिकावयाचा नाहीं. बोलणें झोंबलें, पण पटलें. ज्यानें तें ऐकविलें त्यालाच क्लबांत ओढून घेण्यांत आलें.

त्यानंतर या क्लबानें जें पहिलें मोठें सार्वजनिक काम हातीं घेतलें, तें कोणतें असावें? एखादा पुतळा नव्हे, वाचनालय नव्हे, कीं उद्यानहि नव्हे. तें होतें सार्वजनिक शौचालय! शिकागोसारख्या गजबजलेल्या शहरांत कामासाठीं आलेल्या स्त्रीपुरुषांची या बाबतींत फार कुचंबणा होई. पुरुषांनीं दारूच्या गुत्त्यांत शिरावें आणि स्त्रियांनीं मोठमोठ्या दुकानांत, असा प्रघात पडला होता. आणि त्या निमित्तानें गिऱ्हाईक आंत येत असल्यामुळें गुत्तेवाले व दुकानदार या दोघांनींहि या योजनेला विरोध केला. १९०७ सालापासून क्लबानें नगरपालिकेच्या पाठीस लागून अखेर हें काम तडीस नेलें. ज्याच्यापुढें हार घालून उभें राहण्यास कोणालाहि संकोच वाटेल, अशा कामापासून या संस्थेच्या सेवाकार्याचा श्रीगणेशा झाला, हें पदग्रहणाच्या छायाचित्रांत उभें राहणाऱ्या मंडळींनीं अधूनमधून आठवावें.

पुढील विस्तार सर्वश्रुत आहे. १९१० मध्यें सोळा क्लबांचा संघ बनला. १९१२ मध्यें कॅनडांतील विनिपेगचा क्लब सामील होऊन संस्था आंतरराष्ट्रीय झाली. हिंदुस्थानांतील पहिला क्लब १९१९ सालीं कलकत्त्यास निघाला, आणि मुंबईचा १९२९ सालीं. त्या काळीं या बैठकांतून युरोपियन व्यापारी व अधिकारी यांचाच भरणा असे. तरी त्याच कलकत्ता क्लबाचे नितीश लाहारी हे १९६२ सालीं साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले, आणि हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई गृहस्थ होत. स्त्रियांना दार उघडावयास मात्र या संस्थेनें १९८९ साल उजाडूं दिलें, आणि तेंहि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दोन वर्षांपूर्वीं कान धरल्यानंतर. सेवेची एवढी हौस बाळगणाऱ्यांनीं अर्ध्या समाजाला चौऱ्यांशीं वर्षें उंबऱ्याबाहेर ठेवावें, ही गोष्ट भूषणावह खासच नव्हे. आज सुमारे बारा लक्ष सभासद आणि पंचेचाळीस हजारांहून अधिक क्लब असा पसारा आहे. शिकागोंतच १९१७ सालीं जन्मलेल्या लायन्स संस्थेचा पसाराहि असाच मोठा. अंधांच्या सेवेचें व्रत तिनें १९२५ सालीं हेलन केलर यांच्या आवाहनावरून घेतलें, आणि तिचा भारतांतील पहिला क्लब १९५६ सालीं मुंबईस निघाला. त्या संस्थेचा इतिहास स्वतंत्र भाषणाचा विषय होईल.

आतां खुर्चीसंबंधीं. रोटरीचें वर्ष १ जुलैस सुरू होतें आणि ३० जूनला संपतें. गांवच्या क्लबाचा अध्यक्ष, अनेक क्लब मिळून बनलेल्या प्रांताचा प्रांतपाल, आणि साऱ्या जगाचा अध्यक्ष, या तिघांचीहि मुदत एकच वर्षाची. नियम शहाणपणाचा आहे. आपल्या समाजांतील कित्येक संस्था एकेका माणसाच्या जन्मभराच्या अध्यक्षपणाखालीं कशा गुदमरून गेल्या, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या नियमाचें मोल सांगावयास नको. येथें कोणी मठाधिपति होऊं शकत नाहीं. परवांचा अध्यक्ष आज मागच्या बांकावर बसून पानसुपारी घेतो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं.

पण याच नियमाच्या पोटीं एक खोड जन्मास आली आहे. बारा महिनेच हातीं असल्यामुळें ज्याला त्याला असें काम हवें असतें, जें जुलैंत आरंभून मेंत संपेल, ज्याचें उद्घाटन आपल्याच हस्तें होईल, आणि ज्यावर आपल्या वर्षाचा शिक्का बसेल. आदल्या अध्यक्षानें सुरू केलेलें काम पुढें चालविण्यांत उत्साह कमी, कारण त्याचें श्रेय मागच्या खात्यावर जमा होतें. म्हणून शंभर रोपें लावल्याची बातमी दरवर्षीं येते. तीं तिसऱ्या उन्हाळ्यांत जगलीं कीं वाळलीं, ही बातमी कधींच येत नाहीं. शाळेला पाणी शुद्ध करण्याचें यंत्र दिल्याचें छायाचित्र येतें. त्याची गाळणी बदलावयास पुढच्या वर्षीं पैसे कोणी द्यावयाचे, हें हेडमास्तर बिचारे शोधीत बसतात. मोतीबिंदूचीं शिबिरें, रक्तपेढ्या, पाय गमावलेल्यांना जयपूरचे कृत्रिम पाय बसविण्याचे उपक्रम हे त्या मानानें अधिक स्थिरावले आहेत. कारण तेथें डॉक्टर आणि कारागीर कायमचे असतात, अध्यक्ष तेवढे बदलतात.

अशा या संस्थेनें पोलिओसारख्या रोगाशीं वैर धरावें, हें पहिल्यानें विसंगतच वाटतें. कारण या रोगाचा नायनाट एका वर्षांत, पांच वर्षांत, दहा वर्षांतहि होण्यासारखा नव्हता. पोलिओचा विषाणु तोंडावाटे शरीरांत शिरतो, आंतड्यांत वाढतो, आणि मैल्यावाटे पाण्यांत व पुन्हां दुसऱ्या मुलाच्या तोंडांत जातो. बहुतेकांना तो आल्यागेल्याचें कळतहि नाहीं. सुमारे दोनशें संसर्गांमागें एका मुलाचा पाय किंवा हात कायमचा लुळा पडतो, आणि क्वचित् श्वासहि बंद पडतो. म्हणजे गल्लींत एक मूल लंगडें झालेलें दिसलें, तर विषाणु तत्पूर्वींच शेंदोनशें घरें हिंडून आलेला असतो. अशा शत्रूशीं गांठ एकेका गांवाच्या सीमेवर घालतां येत नाहीं. देशचे देश एकाच वेळीं लशीखालीं आणावे लागतात.

रोटरीनें आरंभ केला तो १९७९ सालीं फिलिपाइन्समध्यें; तेथील सुमारे साठ लक्ष मुलांना लस देण्याची ती योजना होती. ती यशस्वी होतांच १९८५ सालीं "पोलिओ-प्लस" या नांवानें साऱ्या जगासाठीं मोहीम उघडण्यांत आली. बारा कोटि डॉलर जमवावयाचे ठरले होतें. १९८८ पर्यंत जमले चोवीस कोटि सत्तर लक्ष. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें पोलिओ-निर्मूलनाचा ठराव केला. त्या सुमारास जगांतील सव्वाशें देशांत दरसाल साडेतीन लक्ष मुलें या रोगानें पंगु होत होतीं.

आपल्या देशांत या कामाला खरा रंग चढला तो १९९४ मध्यें. २ ऑक्टोबर रोजीं, गांधीजयंतीच्या दिवशीं, दिल्ली राज्यांत एकाच दिवशीं लक्षावधि मुलांना थेंब पाजण्यांत आले. पुढल्या वर्षीं, ९ डिसेंबर १९९५ रोजीं, ही पद्धति सबंध देशास लागू झाली. आरंभीं तीन वर्षांखालील मुलें, मागाहून पांच वर्षांखालील. "पल्स पोलिओ" हें नांव तेव्हांपासून घरोघर पोंचलें. त्या रविवारांचें दृश्य अनेकांच्या स्मरणांत असेल. शाळेच्या व्हरांड्यांत एक टेबल, त्यावर निळी वा पांढरी पेटी, पेटींत बर्फाच्या चार चपट्या कुप्या व त्यांच्यामध्यें लशीच्या बाटल्या. बाटलीवर एक लहानसें वर्तुळ आणि वर्तुळांत चौकोन. उष्णता लागली कीं चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला कीं बाटली फेंकून द्यावयाची. ज्या देशांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें न शिकलेल्या मदतनिसालाहि लस खराब झाली कीं नाहीं हें सांगणारी ही युक्ति मोठी सोपी आणि मोठी मोलाची. थेंब पाजले कीं मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. क्लबाचे सभासद पिवळ्या टोप्या घालून गर्दी आवरीत, ध्वनिक्षेपक लावीत, मुलांना शिट्ट्या व फुगे वाटीत, मोटारी व चहापाणी पुरवीत. पहिलीं दोनचार वर्षें हा सारा सोहळा उत्सवासारखा झाला, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रेंहि यथास्थित आलीं.

खरी परीक्षा उत्सव ओसरल्यावर सुरू झाली. टेबलाशीं जीं मुलें येतात तीं सर्व मुलें नव्हेत, हें ध्यानांत आल्यामुळें १९९९ पासून घरोघर जाण्याची पद्धति सुरू झाली. घर पुरें झालें तर दारावर खडूनें एक अक्षर, आणि मूल राहिलें असेल तर फुलीसारखें "एक्स" हें अक्षर. या फुलीच्या घरांतच रोगाचें खरें ठाणें होतें. उत्तर प्रदेशांत मुरादाबादच्या बाजूस आणि बिहारांत कोसी नदीच्या पूरग्रस्त टापूंत अशीं घरें फार. कोठें अशी वावडी उठली कीं, या थेंबांनीं मुलें पुढें निपुत्रिक होतात. पण त्याहून अवघड होती ती एक रास्त तक्रार. लोक म्हणत, येथें रस्ता नाहीं, गटार नाहीं, पिण्यास धड पाणी नाहीं, ताप आला तर डॉक्टर नाहीं. मग दर महिन्याला या दोन थेंबांचीच सरकारला एवढी निकड कां? या प्रश्नाला घोषणा हें उत्तर नव्हतें. तेथील रोटरीच्या मंडळींनीं उलेमांच्या समित्या बनविल्या, मौलवींकडून मशिदींत आणि मोहल्ल्यांत सांगविलें, आणि त्याबरोबरच साध्या ताप-खोकल्यावर औषध देणारीं आरोग्य-शिबिरें भरविलीं. आधींच पंगु झालेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांची सोय केली. आपलें दुःख कोणी तरी ऐकून घेतलें असें वाटल्यावर कित्येक दारें उघडलीं.

हा प्रश्न केवळ उत्तरेकडचा होता असें मानूं नये. पश्चिम महाराष्ट्रांत ऊसतोडणीचा हंगाम लागला कीं मराठवाड्यांतून बिऱ्हाडें येतात, आणि फडाशेजारीं पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. वीटभट्ट्यांवरहि तीच स्थिति. या मुलांचें नांव ना गांवच्या यादींत, ना कारखान्याच्या. लस घेऊन येणाऱ्या कार्यकर्तीला कोपीच्या तोंडाशीं एखादी म्हातारी भेटावयाची.

"अवो बाई, गेल्या खेपेला पाजलं कीं! किती डाव पाजतां?"

"होय आजी, पण मध्यंतरीं पोराला जुलाब झाले होते म्हणतां ना? तशा पोटांत औषध ठरत नाहीं. म्हणून पुन्हां."

"त्याची आई फडांत गेलीय. ती आल्याबिगर मी न्हाई हात लावूं द्यायची."

"बरं आजी. मग दिवस मावळायच्या आंत येऊन जाते."

आणि ती कार्यकर्ती कोपीच्या मेढीवर फुली मारून पुढें जाई, व संध्याकाळीं परत येई. त्या म्हातारीचा प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचें उत्तर शास्त्रज्ञांनाहि बऱ्याच उशिरा पुरतें उमगलें. जेथें वस्ती दाट, मैल्याची व्यवस्था वाईट, आणि मुलांच्या आंतड्यांत इतर जंतूंची नित्य वर्दळ, तेथें लशीचा एकेक डोस कमी प्रमाणांत लागू पडतो. युरोपांत जें तीन-चार डोसांत साधलें, त्यासाठीं उत्तर प्रदेश-बिहारांत आठ-दहा डोस दिले तरी पुरेनात.

आंकडेहि दगा देऊं लागले. २००२ सालीं देशांत सुमारे १,६०० मुलें पंगु झालीं. पुढें संख्या उतरली. पुन्हां २००७ मध्यें ८७४ वर चढली. २००९ मध्यें ती ७४१ होती, आणि त्या सालीं साऱ्या जगांतील रोग्यांपैकीं जवळजवळ निम्मे एकट्या भारतांत होते. पंधरा वर्षें थेंब पाजून हें फळ! हा रोग भारतांतून जाणें शक्य नाहीं असें म्हणणारे जाणकार तज्ज्ञहि तेव्हां निघाले. येथेंच त्या वार्षिक खुर्चीचा खरा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षीं जो गृहस्थ एखाद्या क्लबाचा अध्यक्ष झाला असेल, त्याच्या वांट्याला काय आलें? आदल्या पंधरा अध्यक्षांनीं केलेलें तेंच काम. तेंच टेबल, तीच पेटी, तीच करंगळी. उद्घाटन नाहीं, कोनशिला नाहीं, आणि यशाची चिन्हेंहि नाहींत. तें काम सोडून देऊन स्वतःच्या नांवाची एखादी कमान उभारणें त्याला सहज शक्य होतें. परंतु वरपासून खालपर्यंत एक वहिवाट पडून गेली होती कीं, अध्यक्ष कोणीहि येवो, त्याच्या यादींत पहिलें काम पोलिओचें. तें निवडण्याची मोकळीक कोणालाच नव्हती, आणि त्यामुळें टाकून देण्याचीहि नव्हती. एरव्हीं वर्षाकाठीं बदलणारी ही संस्था एवढ्या एका बाबतींत स्वतःच्या खोडीवर मात करूं शकली, ती या वहिवाटीच्या जोरावर. कोणी एक मोठा पुढारी होता म्हणून नव्हे.

जानेवारी २०१० मध्यें दोन प्रकारच्या विषाणूंवर एकदम चालणारी नवी लस आली. तिसरा प्रकार, म्हणजे क्रमानें दुसरा, १९९९ सालीं अलीगढ येथें शेवटचा आढळून नाहींसा झालेलाच होता. नव्या लशीनें कमाल केली. त्या वर्षीं देशभरांत रोगी निघाले अवघे ४२. त्यांतले पांच महाराष्ट्रांतील होते. आणि १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमध्यें हावडा जिल्ह्यांतील दोन वर्षांच्या एका मुलीचा पाय लुळा पडला. ती शेवटची. त्यानंतर तीन वर्षें सारा देश श्वास रोखून बसला होता असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. पंधरा वर्षांखालील कोणतेंहि मूल अकस्मात् लुळें पडलें कीं त्याच्या मैल्याचे दोन नमुने प्रयोगशाळेंत धाडले जात. मुंबईस परळ येथील हाफकिन संस्थेच्या आवारांतल्या प्रयोगशाळेनें या तपासणींत फार महत्त्वाची कामगिरी बजाविली. शहराच्या गटारांतील सांडपाण्याच्या बाटल्याहि तेथें तपासल्या जात, कारण मूल आजारी पडण्याच्या आधींच विषाणु गटारांत सांपडतो. नमुन्यामागून नमुने आले; विषाणु सांपडला नाहीं. २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशियाचा सबंध विभाग पोलिओमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र मिळालें.

या यशांत रोटरीचा वाटा केवढा, हें मोजून सांगितलें पाहिजे. नाहीं तर पुन्हां छायाचित्राचा दोष पदरीं यावयाचा. देशव्यापी फेरीच्या दिवशीं चोवीस लक्षांच्या आसपास माणसें बाहेर पडून सतरा कोटि मुलांना थेंब पाजीत. त्यांतले बहुतेक अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि शाळामास्तर हे होते. खर्चाचा फार मोठा भार भारत सरकारनें उचलला. शास्त्रीय देखरेख जागतिक आरोग्य संघटनेची, लोकांशीं बोलणी करण्याचें बरेंचसें काम युनिसेफचें. रोटरीनें पैसा दिला, आणि तो आजवर जगभर मिळून दोन अब्ज डॉलरांवर गेला आहे. परंतु या देशांत तिनें त्याहून मोलाची वस्तु दिली असें वाटतें. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं, ज्याचा शब्द कलेक्टर ऐकतो आणि ज्याच्या दुकानीं गरीबहि उधारीवर औषध नेतो, असा एक तरी माणूस तिनें या कामाला जोडून दिला. बर्फ कमी पडला तर बर्फाचा कारखाना रात्रीं उघडवणारा, मोटार नसेल तर स्वतःची देणारा, आणि मंत्री बदलला कीं नव्या मंत्र्याच्या दारीं पहिल्या दिवशीं जाऊन बसणारा. ही कामगिरी कोणत्याहि सरकारी तक्त्यांत मांडतां येत नाहीं.

उन्हातान्हांत कोपीपर्यंत चालत गेलेल्या त्या कार्यकर्तीचें नांव मात्र कोणत्याच यादींत नाहीं. तिला त्या दिवसाचा भत्ता किती अल्प मिळे, हें पाहिलें म्हणजे पुष्पगुच्छांवर होणाऱ्या खर्चाविषयीं वाचकानें हसावें, यांत त्याचा काय दोष!

मग उरलेल्या बातम्यांचें काय करावें? रोपांच्या, वह्यांच्या, नेत्रशिबिरांच्या? पोलिओसारखें प्रचंड काम प्रत्येक गांवाला मिळणार नाहीं, पण तशी वहिवाट प्रत्येक गांवाला पाडतां येईल. एखाद्या क्लबानें असें ठरवावें कीं, अमुक एक काम दहा वर्षें अध्यक्षाच्या मर्जीबाहेरचें राहील. १ जुलैला नव्या अध्यक्षाच्या गळ्यांत कॉलर पडेल, तेव्हां हातांत मागच्या कामांची जिवंत-मेलेल्यांची यादीहि पडेल. किती रोपें जगलीं, कोणतीं यंत्रें बंद पडलीं, शस्त्रक्रिया झालेल्या कोणत्या म्हाताऱ्याला चष्मा मिळावयाचा राहिला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानें त्या छायाचित्राशेजारीं ही यादी छापली तर वाचक पान उलटण्यापूर्वीं क्षणभर थबकेल.

पोलिओचें काम अद्याप संपलेलें नाहीं. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोन देशांतून मूळ विषाणु अजून गेला नाहीं, आणि तो तेथें असेपर्यंत आपल्याकडे परत येण्याची धास्ती आहे. म्हणून अजूनहि लसीकरणाचे रविवार ठरतात. त्याच्या आदल्या दिवशीं वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर दोन ओळी येतात कीं, उद्यां सकाळीं आठपासून बूथ उघडे राहतील, पांच वर्षांखालील मुलांना घेऊन यावें. क्लबाची दोनचार माणसें सकाळीं बर्फाच्या पेट्या पोंचवून येतात. संध्याकाळीं उरलेल्या बाटल्या मोजून परत जातात, आणि सोमवारीं सकाळीं फुलीच्या घरांची यादी घेऊन कार्यकर्त्या बाहेर पडतात.